काठी कुणी पारखायची?

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे बोलताना सगळे ज्याला अजून नगरच म्हणतात त्या जिल्ह्यात, म्हातारपणाच्या साधनांसाठी सरकारचा पैसा दोन वाटांनी पोचतो. पहिली वाट केंद्राची. 1 एप्रिल 2017 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत अ‍ॅलिम्को ही कानपूरची सरकारी कंपनी साहित्य पुरवते. शिबिर भरतं, तपासणी होते आणि काठी, वॉकर, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, कवळी, चष्मा यांपैकी ज्याला जे लागतं ते हातात मिळतं. दुसरी वाट राज्याची. फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयानं मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. वय 65 पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर खात्यात एकदाच 3000 रुपये जमा होतात. त्यातून चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड काठी, घडीचा वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा किंवा कमरेचा पट्टा, मानेची कॉलर असं जे लागेल ते बाजारातून घ्यायचं आणि बिल सादर करायचं. वस्तू वाटण्यापेक्षा पैसे देणं मला बरं वाटतं, कारण आपल्याला काय हवं हे ठरवण्याचा मान माणसाकडे राहतो. पण वस्तू देताना ती पारखण्याची जबाबदारी सरकारवर होती. पैसे देताच ती तालुक्याच्या दुकानात उभ्या असलेल्या, नजर अधू झालेल्या, गुडघे धरलेल्या माणसावर जाऊन पडली, आणि वस्तू पारखायला त्याच्या हाताशी कसलीच खूण नाही. माझं म्हणणं असं की ही खूण असली पाहिजे, ती म्हाताऱ्या माणसांच्या हातून चाचणी घेऊन ठरली पाहिजे, आणि जिथे सरकारी पैसा खर्च होतो तिथून तिची सुरुवात झाली पाहिजे.

पुढचा संवाद रचलेला आहे. एक बाजू माझी. दुसरी बाजू नागापूर एमआयडीसीसारख्या वसाहतीत पाइप कापून, वाकवून, जोडून असल्या वस्तू बनवणाऱ्या छोट्या कारखानदाराची. तो कुणी एक माणूस नव्हे. पण त्याचे आक्षेप खरे आहेत आणि ते पूर्ण ताकदीनं समोर आले नाहीत, तर माझ्या म्हणण्याचा कस लागणार नाही. मी त्याला शेठ म्हणतो, तो मला सर म्हणतो.

शेठ : सर, तुम्ही शिक्का मागणार हे दिसतंय, म्हणून मीच आधी बोलतो. एका काठीत आम्हाला सुटतात किती? पाइप, मूठ, रबर, पावडर कोटिंग, खोका, वाहतूक, दुकानदाराचं कमिशन हे सगळं जाऊन जे उरतं त्यातच कामगाराची हजेरी आणि लाइटबिल. त्यावर तुम्ही चाचणीची फी, परवाना, दरवर्षीचं नूतनीकरण आणि तपासणीला येणारा माणूस बसवणार. हा खर्च मी खिशातून घालणार नाही, तो काठीवरच चढणार. काठी महागली की पाथर्डीच्या बाजारातली आजी ती हातात घेऊन परत ठेवेल आणि बाभळीची काठी तासून घेईल. म्हणजे तुमच्या शिक्क्यामुळे तिला चांगली काठी तर मिळणार नाहीच, साधी बाजारची काठीही हातची जाईल. माझ्या माहितीतल्या कितीतरी घरांत बाभळीच्या काठीवर माणसं नव्वदीपर्यंत चाललीत. ते काय खोटं होतं का?

मी : खोटं नव्हतं, शेठ, आणि किमतीचा मुद्दा मी सगळ्यात वजनदार धरतो. पण बाभळीच्या काठीचं उदाहरण तुम्ही दिलंत तर ती कशावर टेकत होती तेही बघू. मातीची वाट, सारवलेली जमीन, दगडी पायरी. लाकडाचं बूड मातीत जरासं रुततं आणि धरून राहतं. घरं मात्र बदलली. सारवणाच्या जागी शहाबादी आली, मग चकचकीत टाइल आली. मोरी दाराच्या आडोशाला होती ती आत गेली, तिथे दिवसभर पाणी असतं आणि साबणाचा थर असतो. अशा फरशीवर लाकडाचं बूड सरकतं. म्हणून खाली रबर लागलं. आता ते रबर जवळून बघा. नव्या काठीला ते मऊ असतं, तळाला गोल गोल वळ्या असतात, मध्ये थोडी खोल जागा असते. चालून चालून वळ्या झिजतात, तळ सपाट होतो. उन्हानं आणि दिवसांनी रबर कडक होतं. पाइपची कड आतून टोचत राहते, कारण स्वस्त काठीत पाइपचं तोंड घासून गुळगुळीत केलेलं नसतं आणि रबराच्या पोटात चकतीही नसते. एके दिवशी कड रबरातून आरपार येते आणि ओल्या टाइलवर उघडी धातू टेकते. वरून बघणाऱ्याला काठी तशीच दिसते. वाकून बूड तपासणं ज्याला जमत नाही त्यानंच ती काठी घेतलेली असते. या मूठभर रबराच्या घर्षणासाठी 2009 साली एक वेगळं आंतरराष्ट्रीय मानक निघालं, आयएसओ 24415 चा पहिला भाग. जगभरात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडण्यानं मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात साठीपुढची माणसं सर्वांत जास्त. काठी महागली तर ती घेतली जाणार नाही, हे खरं. पण जी काठी ओल्या मोरीत सरकते ती स्वस्त आहे असं म्हणताना खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन आपण हिशेबात धरत नाही. तो खर्च तुमच्या खात्यावर येत नाही, दुकानदाराच्या येत नाही, तो त्याच घरावर येतो जिथे काठीसाठी सरकारनं 3000 दिले होते.

शेठ : ठीक, रबर महत्त्वाचं. पण कायदाच नाही असं तर नाही. वैद्यकीय उपकरणांचे नियम आहेत, ग्राहक संरक्षण कायदा आहे. आणि शिक्का असून तरी काय होतं? कुकरला आयएसआय सक्तीचा झाला, तरी बिनशिक्क्याचे कुकर ऑनलाइन विकले गेलेच ना? कागद करणारा कागद करतो आणि नीट धंदा करणारा फी भरतो. माझ्यासारख्याला हेच सगळ्यात जास्त टोचतं.

मी : नियमांचं सांगतो. वैद्यकीय उपकरणांचे नियम 2017 चे. 2020 पासून सगळी उपकरणं त्यांच्या कक्षेत आणली, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वांत कमी जोखमीच्या वर्गातली, निर्जंतुक करावी न लागणारी, मोजमाप न करणारी साधनं परवान्यातून सोडली. काठी आणि साधा वॉकर त्याच गटातले. हृदयातल्या झडपेच्या तुलनेत काठीची जोखीम कमी, हे शास्त्राला धरूनच आहे; काठीसाठी औषध निरीक्षकाचा परवाना मीही मागत नाही. पण जोखीम कमी म्हणून परवाना नाही आणि परवाना नाही म्हणून चाचणीही नाही, अशी साखळी तयार झाली. केंद्राच्या वयोश्री योजनेत साहित्य भारतीय मानक ब्यूरोच्या मानकांना धरून असावं अशी अट आहे, जिथे मानक लागू असेल तिथे. राज्याच्या 3000 रुपयांनी दुकानातून घेतलेल्या काठीला मात्र बिल पुरतं. आता कुकर. घरगुती प्रेशर कुकरचं मानक आयएस 2347, ते गुणवत्ता नियंत्रण आदेशानं 2021 पासून सक्तीचं झालं. तरी बिनशिक्क्याचे विकले गेले, हे तुमचं बरोबर. पण पुढे काय झालं? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्ये अ‍ॅमेझॉनसकट काही ऑनलाइन विक्रेत्यांवर कारवाई केली, दंड लावला, विकलेले कुकर परत घेऊन ग्राहकांचे पैसे द्यायला सांगितले. हे शक्य झालं कारण हातात धरायला एक मानक होतं. काठी घसरली तर कुणाच्याही हातात असं काही नाही. ‘तुम्हीच नीट टेकवली नाही’ हे वाक्य तिथे शेवटचं ठरतं. हॉलमार्कच्या शिक्क्याची नक्कल होते म्हणून शिक्काच नको, असं सराफ बाजारात कुणी आता म्हणत नाही.

आणि चाचणी म्हणजे काहीतरी परकं, हे निदान नगरनं तरी म्हणू नये. संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, व्हीआरडीई, याच शहराजवळ आहे. तिथल्या चाचणी मार्गांवर वाहनं पळवून, चढवून, आदळून बघतात, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली रस्त्यावर येणाऱ्या गाड्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकृत संस्थांमध्ये तिचं नाव आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शेतीची अवजारं तपासली जातात. विजेची स्विचगिअर बनवणारे कारखाने नगरमध्ये अनेक वर्षं चालले, आणि तिथे चाचणीशिवाय माल दाराबाहेर जात नाही. ट्रॅक्टरला मागून जोडायचं अवजार तपासायला या जिल्ह्यात जागा आहे, रणगाड्याच्या साखळीचा विचार करणारी माणसं आहेत. माणसाचं सगळं वजन ज्या चार बोटांच्या रबरावर येतं ते तपासायला जागा नाही, हे मला फार खुपतं.

शेठ : गाडीचं वेगळं, सर. गाडीला रस्ता ठरलेला आहे, वजन ठरलेलं आहे. म्हातारी माणसं एकसारखी असतात का? एकाचा डावा गुडघा गेलाय, एकीची बोटं वाकडी झालीत, एकाला दिसत नाही, एकाला पार्किन्सन. प्रयोगशाळेतलं यंत्र दहा हजार वेळा काठी दाबेल आणि पास म्हणेल. आमच्या आजीच्या हाताला ती मूठ बसते का, हे त्या यंत्राला काय कळणार? अशानं मानकाला पास होणारा आणि माणसाला नापास होणारा माल तयार होतो.

मी : इथे मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे, आणि ही भीती नुसती भीती नाही, हे घडून गेलेलं आहे. अमेरिकेत 1970 साली कायदा झाला की घरातल्या औषधांची झाकणं लहान मुलांना उघडता येऊ नयेत. झाकण दाबून फिरवायचं. चाचणीसाठी मुलं घेतली, आणि मोठ्यांना ते उघडतं की नाही हे बघायला 18 ते 45 वयाची माणसं घेतली. झाकणं पास झाली. पण औषधं सर्वांत जास्त घेणारे म्हातारे होते. त्यांच्या बोटांना ते झाकण उघडेना, मग त्यांनी ते लावायचंच सोडलं, किंवा गोळ्या दुसऱ्या डबीत काढून ठेवल्या, आणि नातवंडांच्या हाताला त्या सहज लागू लागल्या. म्हाताऱ्यांना न चालणारी वस्तू मुलांनाही वाचवू शकली नाही. 1995 मध्ये नियम बदलला. आता 50 ते 70 वयाची शंभर माणसं बसवतात. पहिल्यांदा पाच मिनिटं देतात, नंतर पुन्हा एका मिनिटात उघडून नीट बंद करायला सांगतात, आणि शंभरातल्या नव्वदांना ते जमावं लागतं. मी ज्या शिक्क्याची मागणी करतो तो अशा जातीचा आहे. यंत्रानं दाबायचं तेवढं दाबावंच, पण शेवटची परीक्षा माणसांची.

याच कारणासाठी मला आपल्याकडचा, रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्राचा अनुभव महत्त्वाचा वाटतो. आधारसाठी वापरायच्या बोटांच्या ठशांच्या यंत्रांना सरकारी प्रमाणपत्र लागतं, ते घेऊनच ती यंत्रं येतात. यंत्र अचूक आहे यात वाद नाही. पण जन्मभर कोयता धरून आणि माती उपसून ज्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या त्यांचा ठसा रेशन दुकानात उमटत नाही, ही तक्रार गावोगाव आहे. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यासाठी पुढे 2021 मध्ये चेहरा ओळखण्याची सोय केली, ती याच अडचणीची कबुली होती. पहिल्या चाचणीच्या वेळी साठीपुढचे शंभर शेतमजूर समोर बसवले असते तर ही अडचण पहिल्याच दिवशी कळली असती.

उलट बाजूचं उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात जयपूर फूट बनवण्याची कार्यशाळा चालत आली आहे. हा पाय 1968 च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवला. त्याआधीचा परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय बूट घालून सपाट रस्त्यावर चालणाऱ्यासाठी होता. त्यात उकिडवं बसता येत नव्हतं, मांडी घालता येत नव्हती, चिखलात अनवाणी जाता येत नव्हतं. जयपूर फूट या तीन गोष्टी समोर ठेवूनच घडवला गेला, आणि तो स्वस्तही झाला. म्हणजे वापरणाऱ्याचं जगणं नीट पाहिलं की वस्तू महागच होते असं नाही.

शेठ : पाय गेलेल्या माणसाला पाय हवाच असतो, तो घेईल. पण म्हातारपणाची वस्तू म्हणून जे विकायला ठेवतो ते कुणी हातात धरत नाही. चारपायी काठी दाखवली की लोक म्हणतात, एवढे काही आम्ही गेलो नाही अजून. तुम्ही ‘ज्येष्ठांसाठी योग्य’ असा शिक्का मारलात तर उलट विक्री पडेल. आणि एक स्पष्ट बोलू का? आपल्याकडे घरात माणसं असतात. मुलगा आहे, सून आहे, नातू आहे. बाटलीचं झाकण उघडत नसेल तर हाक मारायची. सगळं काही वस्तूनंच करायचं, हे आपलं नाही.

मी : घरात माणसं असतात, हे कोणत्या महिन्याबद्दल म्हणताय, शेठ? पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कोयते निघतात, नवराबायको जोडीनं, उचल आधीच घेतलेली. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर परत येतात, तोवर उन्हाळा तोंडावर आलेला असतो. मधले पाच-सहा महिने घरात म्हातारा, म्हातारी आणि शाळेतली नातवंडं. गॅस संपला तर भरलेलं सिलिंडर सरकवायचं कुणी? आत गॅस 14.2 किलो, आणि टाकी धरून वजन 30 किलोच्या घरात. रेग्युलेटर बसला की नाही हे सांगणारा खटका ऐकू यायला कान शाबूत लागतो. नातवाला ताप आला तर सिरपच्या बाटलीवरचं माप वाचायचं आजीनं. तिच्या स्वतःच्या गोळ्या वेगळ्याच. 2017-18 च्या देशव्यापी वृद्धत्व सर्वेक्षणात, जे मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं केलं, साठीपुढच्या चारातल्या तिघांना काहीतरी दीर्घकाळचं दुखणं आढळलं. म्हणजे रोजच्या गोळ्या, आणि चकाकणाऱ्या चंदेरी कागदावर बारीक छापलेली मुदत, जी अर्धी स्ट्रिप कापली की निघूनही जाते. हाक मारायला जवळ माणूस नाही, आणि जवळ असला तरी प्रत्येक झाकणासाठी हाक मारावी लागणं हे कुणालाही नकोसं होतं. म्हातारी माणसं कमी पाणी पितात, रात्री उठायचं टाळतात, ते पुष्कळदा याच संकोचानं.

आता लाजेचं. तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आणि म्हणूनच मी वेगळं कपाट मागत नाही. जपानमध्ये काओ कंपनीनं 1991 साली शाम्पूच्या बाटलीच्या कडेला बारीक दाते ठेवले, म्हणजे डोळे मिटलेले असले किंवा दिसत नसलं तरी हाताला कळावं की हा शाम्पू आहे, कंडिशनर नव्हे. त्यावर हक्क सांगत बसली नाही, म्हणून इतर कंपन्यांनीही ते घेतलं, आणि 2000 साली वृद्ध आणि अपंगांना सोयीच्या वेष्टनांचं राष्ट्रीय मानक तिथे झालं. ती बाटली घेताना कुणालाही म्हातारं झाल्यासारखं वाटत नाही. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत जपानी कंपन्यांसाठी जागा राखली, कारखाने आले. त्या देशाकडून गुंतवणुकीबरोबर ही नजरही घ्यावी असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडेही एक पाऊल पडलेलं आहे. आवेष्टित वस्तूंच्या नियमांत 2017 मध्ये बदल करून वेष्टनावरच्या अक्षरांची आणि अंकांची उंची वाढवली, ग्राहकाला वाचता यावं म्हणून, आणि 1 जानेवारी 2018 पासून ते लागू झालं. बिस्किटं त्यामुळे महागली नाहीत. शिक्का हवा तो काठी, कमोड खुर्ची, वॉकर यांवर. बरणी, कुकर, शेगडी, गोळ्यांची स्ट्रिप यांच्यासाठी मात्र जे मानक आधीच आहे त्यातच एक परीक्षा वाढवावी, की सत्तरीतल्या हातांना हे उघडतं का, वाचता येतं का, धरता येतं का. ग्राहकाला वेगळं काही दिसणारही नाही.

आपली धोरणं पैशापाशी येऊन थांबतात, हे मला सगळ्यात जास्त जाणवतं. राज्यातली पहिली एसटी 1 जून 1948 ला नगर आणि पुण्याच्या दरम्यान धावली. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांपुढच्यांना त्याच एसटीत तिकीट नाही. मोठा निर्णय होता, लाखो म्हातारी माणसं त्यामुळे लेकीकडे आणि देवाला जाऊ लागली. पण दाराची पहिली पायरी जिथे होती तिथेच राहिली, आणि वर चढताना धरायचा दांडा कुठे असावा, किती जाड असावा, हे त्या निर्णयाचा भाग नव्हतं.

शेठ : तुमचं सगळं मान्य केलं तरी शेवटी चाचणीला माल पाठवणार मी. मुंबईला पाठवू? पुण्याला? एक नमुना, दोन महिने, परत दुरुस्ती, परत नमुना. मोठी कंपनी हे सहज करेल. मग बाजार तिचा. छोट्यांना बाहेर काढायचा हा सगळ्यात सभ्य रस्ता आहे, सर, आणि आम्ही तो दुसऱ्या धंद्यांत बघितलेला आहे.

मी : सक्ती आंधळी केली तर तसंच होईल. म्हणून मी सुरुवातीलाच सगळ्या बाजारावर सक्ती मागत नाही. खुल्या बाजारात शिक्का ऐच्छिक ठेवा. पण मुख्यमंत्री वयोश्रीच्या 3000 रुपयांतून जे घेतलं जाईल ते शिक्क्याचं असावं, अशी अट घाला, आणि ती लागू करायला दोन वर्षं द्या. म्हणजे शिक्का घेणाऱ्याला गिऱ्हाईक आधीपासून ठरलेलं मिळतं. चाचणीचा खर्च त्याच विक्रीतून निघतो. हॉलमार्क जून 2021 पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचा केला तेव्हा वर्षाला 40 लाखांपर्यंतची उलाढाल असलेल्या सराफांना सूट दिली होती. सराफांनी ऑगस्टमध्ये संपही केला, काही गोष्टी बदलून घेतल्या. लहान धंद्याला वाचवणारी तरतूद आणि शिक्का एकत्र राहू शकतात, हे त्यात दिसलं. जागेचं म्हणाल तर लोणीला आणि विळद घाटात फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत. तिथे म्हातारी माणसं रोज येतात, त्यांच्या चालण्याचा अभ्यास करणारी तरुण मुलं आहेत. ओली शहाबादी, टाइल, सिमेंटचा उतार, दोन पायऱ्या आणि एक मोरी एवढं एका खोलीत बांधलं की माणसांची परीक्षा तिथेच होईल. धातूची, वेल्डिंगची आणि भाराची परीक्षा जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत होऊ शकते. जिल्ह्याबाहेर माल पाठवायचाच तर शेवटच्या कागदासाठी पाठवा. मूठ हातात कशी बसते, उंची लावायचं बटण बोटानं दाबलं जातं का, उभं राहून हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीपाशी मूठ येते का, वॉकर उघडल्यावर खटका बसला हे डोळ्यांना किंवा हाताला कळतं का, एवढं तर इथेच ठरतं.

शेठ : आणि शिक्का असलेल्या काठीवरून कुणी पडलं तर? शिक्का घेतला म्हणजे मी जबाबदारी कबूल केली, असं उद्या वकील म्हणेल.

मी : जबाबदारी आजही तुमच्यावर आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे. घडणीतला दोष, आराखड्यातला दोष, वापराची पुरेशी सूचना न देणं, या सगळ्यांसाठी भरपाई मागता येते. फरक एवढाच की आज तुम्ही काय काळजी घेतली हे दाखवायला तुमच्याकडे काही नाही. चाचणीचा अहवाल ढालीसारखा वापरता येईल असं मी म्हणत नाही, तो खोटा असेल तर उलट तुमच्यावरच येईल. पण पन्नास म्हाताऱ्या माणसांनी तुमची काठी ओल्या फरशीवर टेकवून पाहिली आणि तिला अमुक इतका भार पेलला, हे कागदावर असणं आणि नसणं यात न्यायालयात फरक पडतो.

शेठ : मग एक गोष्ट आधी करा. रबर झिजतं, हे तुम्हीच म्हणालात. शिक्का मारलेली काठीही वर्षभरात बोडकी होणार. गिऱ्हाईक रबर मागायला येतं, आणि प्रत्येक कंपनीचा पाइप वेगळा, म्हणून त्याच्या मापाचं रबर शेवगावात काय, नगरमध्येही मिळत नाही. माणूस मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळतो. हे कुठल्या मानकात बसवणार?

मी : पहिल्या कलमात. अ‍ॅलिम्कोच्या साहित्याची वर्षभराची मोफत देखभाल योजनेत धरलेली आहे, दुकानातल्या काठीला तीही नाही. पाइपच्या बाहेरच्या व्यासाची दोन किंवा तीन मापं ठरवावीत, त्यांना क्रमांक द्यावा, तो काठीवर बोटाला लागेल असा उठावानं यावा आणि त्याच क्रमांकाचं रबर कुकरच्या रिंगसारखं किराणा दुकानात लटकलेलं मिळावं. झीज कळण्यासाठी तळात दुसऱ्या रंगाचा थर असावा, रंग दिसला की रबर बदलायचं. नातवंडालाही ते कळेल. 3000 रुपयांच्या बिलात पहिल्या काठीबरोबर जादा रबरांचा जोड धरला तर सरकारचा खर्च फारसा वाढत नाही.

शेठ : मापं ठरवताना पाइप कापणारा माणूस बैठकीत हवा. नाहीतर बाजारात न मिळणारा व्यास लिहून मोकळे व्हाल.

मी : हवाच. आणि काठी टेकणारे निम्मे हवेत, पाथर्डीचे आणि जामखेडचे, आपापल्या जुन्या काठ्या बरोबर घेऊन. बैठक तळमजल्यावर ठेवू.